सांकेईएन : उचलून आणलेल्या वास्तूंचें उद्यान

एखाद्या घराचे खांब, तुळया, दारें व चौकटी सुट्या करून त्या शंभर कोसांवर नेल्या, आणि तेथें नव्या जोत्यावर पुनः जशाच्या तशा उभ्या केल्या, तर तें घर तेंच राहिलें असें म्हणावयाचें, कीं जुनें घर नाहींसें होऊन दुसरेंच निर्माण झालें असें म्हणावयाचें? आमच्या नैयायिकांना हा प्रश्न घातला तर ते क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर देतील. अवयवी हा अवयवांहून भिन्न असतो व अवयवांचा संयोग सुटतांच तो नष्ट होतो. वस्त्रांतील एक सूत ओढून काढलें तरी पूर्वीचें वस्त्र जाऊन त्या जागीं 'खंडपट' नांवाचें निराळेंच वस्त्र उत्पन्न होतें. हा वाद विद्यार्थिदशेंत आम्ही मुखोद्गत केला होता. परंतु घटपटांच्या पलीकडे त्याचा कांहीं उपयोग असेल असें त्या वेळीं आमच्या मनांत आलें नव्हतें. पुढें जपानांतील एका रेशमाच्या व्यापाऱ्याच्या बागेची हकीगत वाचनांत आली आणि वाटलें कीं, हा प्रश्न या गृहस्थानें पंक्ति लावून सोडविला नाहीं, तर सुतार लावून सोडविला.

योकोहामा हें जपानांतील मोठें बंदर. त्याच्या होनमोकु भागांत टेकड्यांच्या कुशींत सुमारें ४३ एकरांचें 'सांकेईएन' नांवाचें उद्यान आहे. तळें, कमळें, ओढे, पूल, चेरी व आलुबुखाऱ्याच्या जातीचीं झाडें, वळणावळणाच्या पायवाटा, हें सर्व जपानी उद्यानांत असावयाचें तसें तेथें आहेच. विशेष हा कीं, त्या झाडींतून जागोजागीं ज्या जुन्या वास्तु डोकावतात, त्यांतील बहुतेक तेथल्या नव्हेतच. कोणी क्योतोहून आलेली आहे, कोणी कामाकुराहून, कोणी हिदाच्या बर्फाळ डोंगरांतून. अशा १७ वास्तूंपैकीं १० वास्तूंना सरकारनें राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण दिलें असून २००७ सालीं सबंध उद्यानालाच राष्ट्रीय सौंदर्यस्थळ म्हणून मान्यता मिळाली.

हें सर्व ज्यानें उभें केलें त्या तोमितारो हारा यांचा जन्म १८६८ सालचा. मूळ आडनांव आओकी; घर गिफु प्रांतांतलें. तोकियोंत शिक्षण झाल्यावर ते मुलींच्या एका शाळेंत शिकवूं लागले. तेथील यासु नांवाच्या विद्यार्थिनीशीं त्यांचा विवाह झाला. ती झेन्झाबुरो हारा या रेशमाच्या बड्या व्यापाऱ्याची नात. घरांत वारस नाहीं. तेव्हां जांवयानेंच सासरचें नांव धारण केलें व पेढीचा भार उचलला. आपल्याकडे घरजांवयाविषयीं जीं सुभाषितें प्रचलित आहेत तीं जपानांत फारशीं चालत नसावींत. कारण अशा रीतीनें दत्तक घेतलेल्या जांवयांनीं तेथील कित्येक घराणीं तारलीं आहेत. १८९९ सालीं म्हातारे हारा निवर्तले. तोमितारोंनीं जुन्या वळणाची पेढी नव्या व्यापारी पद्धतीवर आणली, परदेशांत स्वतःच्या शाखा काढल्या आणि १९०२ सालीं तोमिओका येथील, मूळ सरकारनें १८७२ सालीं उभारलेली, रेशमाची प्रसिद्ध गिरणी आपल्या ताब्यांत घेतली. शाळामास्तराच्या हातीं पैसा आला म्हणजे तो काय करतो हें पाहण्याचे प्रसंग जगांत थोडे. आमच्या व्यवसायबंधूंना अशी परीक्षा सहसा द्यावी लागत नाहीं. हारांनीं चित्रें घेतलीं, चित्रकारांना पोसलें आणि बाग केली. 'सान्नोतानी', म्हणजे तिसरी दरी, या जागेच्या नांवावरून त्यांनीं 'सांकेई' हें उपनाम घेतलें, आणि बागेलाही तेंच नांव पडलें.

आतां, या वास्तु विकत मिळाल्या कशा, अशी शंका वाचकांस येईल. देवळें कां कोणी विकतो? तर १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या सरकारनें शिंतो देवस्थानें व बौद्ध मठ यांची फारकत केली. मठांच्या जमिनी गेल्या, दाते गेले. कोठें कोठें लोकांनींच मूर्ति फोडल्या. शेंकडों मठ ओस पडले. सरदारांचे वाडे व किल्ले यांचीही तीच दशा. १८९७ सालीं प्राचीन देवस्थानांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला, पण तो मोजक्या स्थळांपुरता. उरलेल्यांना दोनच वाटा होत्या: जळाऊ लाकूड होणें, किंवा कोणीतरी उचलून नेणें.

उचलून नेणें ही गोष्ट तेथें शक्य होती याचें कारण त्यांच्या बांधणींत आहे. जपानी घराचा खांब जमिनींत गाडलेला नसतो. तो दगडाच्या उथळ्यावर नुसता टेकलेला असतो. सगळा सांगाडा लाकडाचा, आणि सांधे मुख्यतः खांचा व कुसवें यांचे. तेव्हां कुशल सुतार घर ज्या क्रमानें बांधलें त्याच्या उलट क्रमानें तें उलगडतो, प्रत्येक लाकडावर खूण घालतो आणि दुसरीकडे पुनः गुंफतो. छपराच्या साली किंवा पेंढा व भिंतींची माती नवी घालावी लागते. खांबाचा बुंधा कुजला असेल तर तेवढाच कापून नव्या लाकडाचा जोड देतात, आणि तो असा बेमालूम कीं, बोट फिरविलें तरी कळूं नये. इतकें असून, हल्लींच्या काळांत अशा नव्या लाकडावर दुरुस्तीचें साल डागून ठेवण्याची पद्धत आहे. जोड दिसूं नये, पण पुढच्याची फसगतही होऊं नये! हा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. आणखी एक लाभ असा कीं, घर उलगडतांना सांध्याच्या आंत जुन्या सुतारानें शाईनें लिहिलेलीं अक्षरें कधीं कधीं सांपडतात. तीं कोणी वाचावीं म्हणून लिहिलेलीं नसतात, आणि म्हणूनच विश्वसनीय असतात.

पहिली वास्तु आली ती १९०५ सालीं, क्योतोच्या दाइतोकुजी मठाच्या आवारांतून. हिदेयोशी या सत्ताधीशानें आपल्या वृद्ध मातेस दीर्घायुष्य लाभावें म्हणून तेथें एक दगडी स्तूप उभारला होता, त्यावर छाया धरणारी ही लहानशी देवडी १५९१ सालची आहे. साऱ्या जपानला धाकांत ठेवणारा तो पुरुष आईच्या दुखण्यापुढें आपल्यासारखाच हतबल होता. ती माता पुढच्याच वर्षीं वारली.

दोन वर्षांनीं, १९०७ सालीं, कामाकुराच्या तोकेइजी मठाचें बुद्धमंदिर आलें. आमच्या वाचक-भगिनींनीं या मठाचें नांव ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. हा भिक्षुणींचा मठ. जुन्या जपानांत काडीमोड देण्याचा अधिकार पुरुषाचा. बायको कितीही गांजली तरी तिला सुटका नव्हती. परंतु तोकेइजीच्या दारांत जिचें पाऊल पडलें तिला कोणी ओढून नेऊं शकत नसे. आंत ठराविक काळ, प्रथम तीन वर्षें, पुढें दोन, राहिलें म्हणजे विवाहबंधन सुटे. मेइजी काळांत कायदा बदलला, मठाचा हा अधिकार गेला आणि मठही ओढग्रस्तीस लागला. आतां त्याचें १६३४ सालचें जुनें मंदिर सांकेईएनच्या तळ्यापलीकडे उभें आहे. तें उभें राहिलें त्या काळीं मठाची धुरा तेन्शू या भिक्षुणीकडे होती. ती हिदेयोशीची नात. १६१५ सालीं ओसाकाच्या किल्ल्याबरोबर तिच्या घराण्याचा निःपात झाला, तेव्हां त्या लहान मुलीला संन्यास देऊन जिवंत ठेवण्यांत आलें. म्हणजे पणजीसाठीं बांधलेली देवडी आणि पणतीच्या काळचें मंदिर हीं दोन्हीं, तीनशें वर्षांच्या फिरस्तीनंतर, एका परक्या व्यापाऱ्याच्या बागेंत शेजारीं आलीं! हारांनीं हें नातें मनांत धरूनच खरेदी केली असेल असें नव्हे. काळ कित्येकदां न सांगतां असे योग जुळवून आणतो.

१९१४ सालीं टेकडीच्या माथ्यावर तीन मजली मनोरा चढला. हा क्योतोच्या दक्षिणेस किझु नदीकांठच्या कामो येथील तोम्योजी मठाचा, १४५७ सालचा. कांतो या पूर्वेकडील प्रदेशांत जे जुने लाकडी मनोरे आहेत त्यांत वयानें हा सर्वांत वडील. मात्र तो वडील झाला तो पांचशें वर्षांच्या वयांतलीं बहुतेक सर्व वर्षें दुसऱ्या प्रदेशांत काढून. बागेंत कोठेंही उभें राहिलें तरी झाडांच्या शेंड्यांवर त्याचीं छपरें दिसतात. जणूं दरी, तळें व टेकडी हीं त्याच्यासाठींच रचलेलीं असावींत असें पाहणाराला वाटतें, आणि हारांचें खरें कौशल्य तें हेंच. त्यांनीं वास्तु आणून ओळीनें मांडल्या नाहींत. प्रत्येकीसाठीं जागा शोधली, जागेसाठीं झाडें लावलीं, आणि मनासारखें जमेपर्यंत लाकडें तशींच राहूं दिलीं.

या बाबतींत रिंशुन्काकु या प्रासादाची कथा सांगितलीच पाहिजे. तळ्याच्या कांठीं पायऱ्यापायऱ्यांनीं मागें सरत गेलेले त्याचे तीन भाग, आंत कानो संप्रदायाच्या चित्रकारांनीं रंगविलेलीं सरकतीं दारें. उद्यानांतील सर्वांत सुंदर वास्तु ती हीच, असें अनेकांचें मत आहे. हारांनीं ती १९०६ सालीं ओसाकाजवळ घेतली, त्या वेळीं ती हिदेयोशीच्या नाहींशा झालेल्या जुराकुदाइ राजवाड्याचा अवशेष आहे अशी सार्वत्रिक समजूत होती. त्या नांवाची मोहिनीच तशी. जागा निश्चित करण्यांत व मांडणी जुळविण्यांत जवळजवळ दहा वर्षें गेलीं. १९१७ सालीं ती उभी राहिली. पुढें संशोधकांनीं तपासून सांगितलें कीं, ही हिदेयोशीची नव्हेच. किशूच्या तोकुगावा घराण्यानें वाकायामा प्रांतांत १६४९ च्या सुमारास बांधलेला हा विहारप्रासाद. म्हणजे दंतकथा खोटी ठरली. पण ती खोटी दंतकथा नसती तर तें खरें घर कदाचित् वांचलें नसतें. इतिहासाच्या शिक्षकानें यावर मुलांना काय सांगावें हें आम्हांस अजून नीटसें सुचलेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं. रिंशुन्काकु हें जसें होतें तसेंच उभें केलेलें नाहीं. तळ्याच्या कांठाला शोभावें म्हणून त्याच्या भागांची परस्परांतील मांडणी हारांनीं बदलली. आजचा शास्त्रशुद्ध संरक्षक हें ऐकून कपाळाला आंठ्या घालील, आणि त्याचें कांहीं चुकतें असेंही आम्हांस वाटत नाहीं. कामोच्या ग्रामस्थांचाही विचार मनांत येतो. ज्या मनोऱ्याकडे पाहून त्यांच्या कित्येक पिढ्यांनीं शेतांतून घरची वाट धरली, तो एके दिवशीं लाकडांच्या राशी होऊन निघून गेला. योकोहामाच्या प्रवाशाला जें मिळालें तें कामोच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून उचललेलें आहे. तो तेथेंच राहिला असता तर टिकला असता काय, हा प्रश्न निराळा. उचलणाराला तो सोयीचा असतो एवढें मात्र खरें.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण त्याच देशांत आहे. इसे येथील शिंतोंचें महामंदिर दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेंत अगदीं त्याच मापानें नवें बांधतात व जुनें उतरवितात. ६२ वें पुनर्निर्माण २०१३ सालीं झालें. तेथें लाकूड नवें, पण स्थान, आकार व सुताराचा हात परंपरेचा. सांकेईएनमध्यें लाकूड जुनें, स्थान मात्र नवें. दोघेही म्हणतात, आम्ही जुनें तेंच राखिलें. आमच्या नैयायिकाला या दोन्हीं ठिकाणीं नेऊन उभें करावें अशी फार इच्छा होते. त्याचा 'खंडपट' इसेला जागच्या जागीं सांपडेल. परंतु रिंशुन्काकुच्या खांबावर तीनशें वर्षांच्या हातांनीं आलेली झळाळी पाहून, संयोगाबरोबर सगळेंच नष्ट झालें असें म्हणण्यापूर्वीं तोही थोडा घुटमळेल.

१९०६ सालींच हारांनीं बाहेरची बाग सर्वांस विनामूल्य खुली केली. आंतली बाग कुटुंबासाठीं होती. त्यांतच पुढें फुशिमीच्या किल्ल्यांतलें म्हणून सांगितलें जाणारें १६०३ सालचें गेक्काडेन आलें आणि १९२२ सालीं चोशूकाकु हा चिमुकला दुमजली विहारमंडप आला. खाजगी बागेचीं दारें परक्यांसाठीं उघडणें ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. तशींच त्यांच्या चित्रसंग्रहाचीं दारें तरुण चित्रकारांसाठीं उघडीं असत. या संग्रहांत पूर्वीं महामायूरीचें एक बौद्ध चित्र होतें. सर्पविष हरण करणारी, मोरावर आरूढ झालेली ती आपल्या संस्कृत मंत्रग्रंथांतली देवता चीनमार्गें जपानांत पोंचली व तेथें 'कुजाकु म्योओ' झाली. १९०३ सालीं हारांनीं त्या एका चित्रासाठीं १०,००० येन मोजले, तेव्हां लोकांना तें वेड वाटलें. आज तें राष्ट्रीय निधि म्हणून तोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

१९१६ सालीं रवींद्रनाथ ठाकूर जपानांत गेले आणि बराच काळ याच बागेंत, टेकडीवरच्या शोफुकाकु या हारांच्या बंगल्यांत, राहिले. त्याच दौऱ्यांत त्यांनीं राष्ट्राभिमानाच्या अतिरेकावर कोरडे ओढणारीं व्याख्यानें दिलीं व जपानी वृत्तपत्रांचा रोष पत्करला. यजमानाच्या आतिथ्यांत मात्र उणें पडलें नाहीं. त्या वर्षीं निघालेला 'स्ट्रे बर्ड्स' हा कवितासंग्रह त्यांनीं योकोहामाच्या हारांना अर्पण केला आहे. हारांच्या संग्रहांत शिमोमुरा कांझान या चित्रकाराचें, फुललेल्या झाडाखालीं मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या अंध भिक्षूचें चित्र होतें. तें रवींद्रांना इतकें भावलें कीं, त्याची प्रतिकृति भारतांत नेण्यासाठीं करवून घेतली. ती प्रतिकृति करणारा आराई कांपो हा चित्रकार पुढें रवींद्रांच्या निमंत्रणानें कलकत्त्यास आला, आणि तेथून आपल्या अजिंठ्यास. त्या काळीं अजिंठा निजामाच्या राज्यांत होतें. त्या लेण्यांच्या अंधारांत बसून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या व त्या तोकियोस नेल्या. तेथें विद्यापीठांत त्या सुरक्षित राहतील अशी सर्वांची समजूत होती.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं दुपारच्या सुमारास भूकंप झाला. योकोहामा शहर तासाभरांत कोसळलें आणि उरलें तें आगीनें खाल्लें. तोकियोच्या विद्यापीठांतल्या अजिंठ्याच्या प्रतिकृति जळाल्या. रवींद्र राहिले तो शोफुकाकु बंगला पडला. त्याच्या विटांच्या भिंतींचे अवशेष अजून दाखवितात. टेकडीवरचा लाकडी मनोरा मात्र उभा राहिला. रिंशुन्काकु उभें राहिलें. चोशूकाकुला तर बागेंत येऊन जेमतेम वर्ष झालें होतें. हारांनीं त्यानंतर चित्रखरेदी थांबविली आणि शहराच्या पुनर्रचनेच्या कामाचें पुढारपण घेऊन पैसा व उरलेलें आयुष्य तिकडे लाविलें. ज्यानें इतकीं वर्षें एक एक लाकूड जपलें, त्यानें शहर पडल्यावर आपल्या छंदाकडे पाठ फिरविली, ही गोष्ट आम्हांस त्या सगळ्या वास्तूंहून थोर वाटते. १९३९ सालीं ते वारले.

पुढें युद्ध आलें, १९४५ सालीं बाँब पडले, बागेची दैना झाली. १९५३ सालीं वारसांकडून ती एका विश्वस्त संस्थेकडे आली. पांच वर्षें दुरुस्त्या चालल्या आणि १९५८ सालीं आंतली बागही सर्वांस खुली झाली. एके काळीं बागेच्या पायथ्याशीं समुद्र होता. तो भराव घालून दूर लोटला आहे, आणि टेकडीवरून आतां कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. घरें हलवून वांचवितां येतात, समुद्र वांचवितां येत नाहीं.

परंतु उचलून आणण्याचा परिपाठ हारांबरोबर संपला नाहीं. कामोच्या त्याच तोम्योजी मठाचें मुख्य मंदिर मनोरा गेल्यावर मागें एकटें राहिलें होतें. १९४७ सालच्या वादळानें तें मोडकळीस आलें. तेव्हां तें उलगडून लाकडें रचून ठेवण्यांत आलीं, आणि तीं तशीं कित्येक वर्षें पडून होतीं. शेवटीं १९८७ सालीं तें मंदिर सांकेईएनमध्यें उभें राहिलें. मनोरा १९१४ सालीं आलेला. ७३ वर्षांची ताटातूट संपली, पण ती कामोस नव्हे. आतां मनोरा टेकडीवर आणि मंदिर खालीं सपाटीवर आहे. मूळ मठांत तीं एकमेकांपासून अशीं नव्हतीं. तरी भावंडें एका गांवांत आलीं एवढेंही थोडें नव्हे.

हिदाच्या डोंगरांतील शोकावा गांव मिबोरो धरणाच्या पाण्याखालीं जावयाचें ठरलें, तेव्हां तेथील यानोहारा कुटुंबाचें, नमस्कारासाठीं जोडलेल्या हातांसारख्या उंच उतरत्या छपराचें भव्य शेतघर १९६० सालीं सांकेईएनला आणण्यांत आलें. त्याच वर्षीं त्याच बुडणाऱ्या गांवांतले चारशेंहून अधिक वर्षांचे दोन चेरीवृक्षही मुळांसकट उपटून धरणाच्या वर नेऊन लाविले. ते जगले व आजही फुलतात. घर मात्र दूर समुद्राकडे आलें. उद्यानांतील बहुतेक वास्तु बाहेरूनच पाहावयाच्या. या घरांत सर्वांना पादत्राणें काढून आंत जातां येतें. जमिनीवर मधोमध चौकोनी खळगी करून तींत चूल आहे, आणि ती रोज पेटवितात. स्वयंपाकासाठीं नव्हे. गवताच्या छपरांत किडा पडूं नये व तुळया कोरड्या राहाव्यात यासाठीं धूर लागतो, आणि ज्या घरांत माणसें राहात नाहींत तेथें तो मुद्दाम करावा लागतो. पोटमाळ्यावर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत. धूर तेथपर्यंत चढतो. भिंती काळ्या झाल्या आहेत. पाहुणे येतात, त्या चुलीशीं डोळे चोळीत बसतात, आणि उठतांना त्यांच्या कपड्यांना शोकावाच्या त्या बुडालेल्या गांवाचा वास लागलेला असतो.